डोलकाठीवरचं रडार ओळखायचं कसं: युद्धकाळातल्या ब्रिटिश एमटीबींसाठी कामाचा क्रम

ब्रिटिश मोटार टॉर्पेडो बोटीचा, म्हणजे एमटीबीचा, जुना फोटो हाती आला की बहुतेक जण आधी डोलकाठीच्या टोकाकडे बघतात. तिथे सळयांची चौकट दिसली की ‘टाइप २९१’, घुमट दिसला की ‘अमेरिकन रडार’ आणि काहीच दिसलं नाही तर ‘रडार नव्हतं’ असं लिहून मोकळे होतात. हे तिन्ही निष्कर्ष चुकू शकतात. मॉडेल करणाऱ्यांच्या कामात आणि फोटोंच्या मथळ्यांत मला याच तीन चुका पुन्हा पुन्हा दिसतात, म्हणून हा लेख.

चुकतो तो कामाचा क्रम. फोटोत दिसते ती फक्त अँटेना. रडारचा संच बोटीच्या आत, बंद जागेत असतो, आणि एकाच तरंगलांबीवर चालणारे दोन वेगळे संच बाहेरून जवळजवळ सारखे दिसू शकतात. म्हणून आधी बोट ठरवायची, मग तारीख, मग फोटो किती विश्वासाचा ते, आणि त्यानंतर अँटेना. उलटं गेलात की डोळे मनातलं उत्तरच फोटोत शोधू लागतात.

तयारी

फोटोची मिळेल तितकी मोठी प्रत घ्या. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमकडे नौदलाच्या अधिकृत छायाचित्रकारांचे फोटो आहेत, त्यांचे क्रमांक इंग्रजी ‘ए’ अक्षराने सुरू होतात. तो क्रमांक आणि मूळ मथळा शब्दशः उतरवून ठेवा. समाजमाध्यमांवर फिरणारी प्रत बहुधा कापलेली आणि दाबलेली असते. तिच्यात पातळ सळई आधी नाहीशी होते आणि नेमकी तीच आपल्याला मोजायची असते.

वहीत तीन रकाने आखा: ‘दिसतं’, ‘मोजलं’, ‘वाचलं’. प्रत्येक नोंद यांपैकी एकाच रकान्यात जाईल. मथळ्यात ‘रडार’ लिहिलंय ही गोष्ट ‘वाचलं’मध्ये जाते, ‘दिसतं’मध्ये नाही. हा नियम किरकोळ वाटेल, पण निम्म्या चुका त्यानेच अडतात.

काही आकडे वहीच्या पहिल्या पानावर हवेत. टाइप २८६ आणि टाइप २९१ ही दोन्ही ब्रिटिश रडारं सुमारे २१४ मेगाहर्ट्झवर, म्हणजे १.४ मीटर तरंगलांबीवर चालत. आयएफएफ मार्क ३, म्हणजे मित्र की शत्रू हे सांगणारं उपकरण, १५७ ते १८७ मेगाहर्ट्झवर. अमेरिकन एसओ रडार सुमारे १० सेंटिमीटरवर आणि टाइप २६८ सुमारे ३ सेंटिमीटरवर. लांबी मोजायला २० मिलिमीटर ऑर्लिकॉन तोफ कामी येते, तिची एकूण लांबी २.२१ मीटर.

कागदपत्रं शोधणार असाल तर एक शब्द लक्षात असू द्या. १९४३ पर्यंत ब्रिटिश कागदांत ‘रडार’ऐवजी ‘आरडीएफ’ हेच नाव चालत होतं. फक्त ‘रडार’ शोधलंत तर युद्धाची सुरुवातीची वर्षं रिकामी दिसतील. ‘डी/एफ’ हे मात्र वेगळं आहे. ती दिशा शोधण्याची रेडिओ यंत्रणा, तिचा रडारशी संबंध नाही.

## टप्पा १: बोट कुठली ते ठरवा

डोलकाठी झाकून फोटो बघा. खरंच हाताने झाका. आता फक्त सांगाडा, ब्रिज, तोफा आणि टॉर्पेडोच्या नळ्या दिसताहेत. यावरून बोटीचा वर्ग काढायचा.

व्हॉस्पर कंपनीच्या छोट्या बोटी साधारण ७० ते ७३ फुटी, म्हणजे २१-२२ मीटरच्या. ब्रिटिश पॉवर बोट कंपनीची बोट ७१ फूट ६ इंच, जवळपास त्याच लांबीची पण ठेवणीने वेगळी. फेअरमाइल डी हे वेगळंच प्रकरण आहे: ११५ फूट, ३५ मीटर, अंगाने भारदस्त. फेअरमाइल डी आणि व्हॉस्पर शेजारी ठेवल्या तर गल्लत होत नाही, पण एकट्या फोटोत होते, कारण मापाला काही नसतं. तेव्हा डेकवरच्या माणसांकडे बघा. माणूस बोटीच्या लांबीत किती वेळा मावतो हा अंदाज वर्ग ठरवायला पुरेसा असतो.

आता नंबर. सप्टेंबर १९४३ मध्ये मोटार गन बोटी, म्हणजे एमजीबी, एमटीबी म्हणून नव्याने नोंदल्या जाऊ लागल्या. ब्रिटिश पॉवर बोट कंपनीच्या बोटींचे आकडेच बदलले. पोर्ट्समथला आजही असलेली एमजीबी ८१ तेव्हा एमटीबी ४१६ झाली. फेअरमाइल डी बोटींचा आकडा तोच राहून पुढची अक्षरं बदलली, जसं एमजीबी ६५८ ची एमटीबी ६५८. त्यामुळे दोन वेगळ्या नंबरांचे फोटो एकाच बोटीचे असू शकतात आणि तुम्ही ते दोन बोटींचे समजून बसता.

इशारा: छोटी लढाऊ बोट दिसली म्हणून ती ब्रिटिश एमटीबी ठरत नाही. १९४४ मध्ये कॉर्सिकातल्या बास्तिया बंदरातून ब्रिटिश बोटी आणि अमेरिकन पीटी बोटी, म्हणजे त्यांच्या टॉर्पेडो बोटी, एकत्र बाहेर पडत. पीटी बोटींवरचं एसओ रडार सरस होतं, म्हणून टेहळणी आणि दिशा देण्याचं काम त्यांच्याकडे असे. त्या बंदरातल्या फोटोंत दोन्ही नौदलांच्या बोटी शेजारी बांधलेल्या दिसतात. मागच्या बोटीचा घुमट पुढच्या बोटीच्या माथ्यावर ‘बसलेला’ वाटण्याचा प्रकार इथेच घडतो.

आपल्याकडचाही एक गोंधळ सांगतो. रॉयल इंडियन नेव्हीच्या मोटार लाँच आराकान किनाऱ्यावर लढल्या. त्या फेअरमाइल बी वर्गाच्या, ११२ फुटी. आजोबा त्या नौदलात होते अशा घरच्या अल्बममध्ये असा फोटो सापडला तर तो एमटीबीचा म्हणून नोंदवू नका. टॉर्पेडोच्या नळ्या नाहीत, नाळेकडचा, म्हणजे पुढच्या टोकाचा आकार वेगळा, वेग वेगळा. लाँचचं सामान एमटीबीच्या यादीत घातलंत की पुढची सगळी तुलना बिघडते.

तपासा: डोलकाठी झाकलेली असताना वर्ग सांगता आला का? नसेल तर पुढे जाऊ नका. त्याच बोटीचा दुसरा फोटो शोधा.

## टप्पा २: तारखेच्या दोन भिंती बांधा

नेमकी तारीख क्वचित मिळते. दोन टोकं मात्र जवळजवळ नेहमी मिळतात: ‘याच्या आधीचा नाही’ आणि ‘याच्या नंतरचा नाही’. त्या दोन भिंतींत फोटो कोंडायचा.

पहिली भिंत बोट नौदलात कधी दाखल झाली त्यावरून. दुसरी भिंत ती कधी बुडाली, मोडीत निघाली किंवा नंबर कधी बदलला त्यावरून. १४ फेब्रुवारी १९४५ ला ऑस्टेंड बंदरात लागलेल्या आगीत २९ व्या कॅनेडियन फ्लोटिलाच्या, म्हणजे बोटींच्या तुकडीच्या, पाच बोटी आणि त्यांच्यासोबत ब्रिटिश बोटीही जळाल्या. त्यांपैकी एखाद्या बोटीचा फोटो असेल तर त्या तारखेच्या पुढचं कुठलंही सामान तिच्यावर असूच शकत नाही. नंबराच्या पुढे ‘एमजीबी’ अक्षरं रंगवलेली दिसत असतील तर फोटो बहुधा १९४३ च्या शरदाआधीचा.

आता रडारचा काळ या भिंतींवर टाका. टाइप २८६ हे वायुदलाच्या विमानांवरच्या, समुद्रावरची जहाजं शोधणाऱ्या एएसव्ही संचावरून नौदलाने घाईने घडवलेलं, युद्धाच्या पहिल्या टप्प्यातलं रडार. टाइप २९१ हे १९४२ पासूनचं, शक्ती सुमारे १०० किलोवॅट, म्हणजे २८६ च्या कितीतरी पट. त्यातला २९१ यू हा किनारी ताफ्याच्या बोटींसाठी, २९१ डब्ल्यू पाणबुड्यांसाठी. टाइप २६८ कॅनडात तयार झालं आणि अगदी युद्धाच्या अखेरीला आलं. तेव्हा १९४१ च्या भिंतींत अडकलेल्या फोटोवर २९१ लिहिणं किंवा १९४३ च्या फोटोवर २६८ लिहिणं, दोन्ही बाद.

नवं रडार आलं त्या दिवशी सगळ्या बोटींवरचं जुनं उतरवलं गेलं असंही समजू नका. एकाच फ्लोटिलात एकाच महिन्यात दोन प्रकार असणं स्वाभाविक आहे. बोट दुरुस्तीला जाईल तेव्हाच बदल व्हायचा. काळावरून अशक्य काय ते कळतं. नक्की काय होतं ते कळत नाही.

## टप्पा ३: फोटोवर संशय घ्या

हा टप्पा सगळे गाळतात आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. युद्धकाळात रडार गुप्त होतं. छापायला देण्याआधी सेन्सॉर फोटोतल्या अँटेना खरवडून किंवा रंगाने झाकून टाकत. म्हणजे वर्तमानपत्रात छापलेल्या फोटोत अँटेना नाही, याचा अर्थ बोटीवर नव्हती असा होत नाही.

खाडाखोड ओळखायची खूण डोलकाठीच्या टोकाभोवतीच्या आकाशात असते. बाकी आकाशात फोटोचा दाणा दिसतो आणि त्या एका ठिकाणी सपाट, गुळगुळीत डाग दिसतो. दोऱ्या आणि तारा मधेच तुटतात. डोलकाठीचा शेंडा कापल्यासारखा सरळ संपतो. प्रतीचा उजेड आणि गडदपणा टोकाला नेऊन बघा, झाकलेला भाग लगेच वेगळा पडतो. संग्रहालयात त्याच फोटोची न झाकलेली प्रत असू शकते, म्हणून क्रमांक टिपायला आधीच सांगितलं.

अँटेना नसण्याची आणखी दोन साधी कारणं आहेत. बांधणी करणाऱ्या कारखान्याने चाचणीच्या वेळी काढलेले फोटो सुबक आणि स्वच्छ असतात, म्हणून लोक तेच वापरतात. पण त्या वेळी बोटीवर अजून सगळं सामान चढलेलं नसतं. दुसरं म्हणजे दुरुस्तीसाठी अँटेना खाली काढलेली असू शकते किंवा डोलकाठीच आडवी घातलेली असू शकते. रिकामी पट्टी, बोल्टची भोकं किंवा कुठेही न जोडलेली जाड केबल दिसली तर ‘जागा आहे, अँटेना नाही’ अशी वेगळी नोंद करा.

इशारा: आज जतन केलेल्या बोटींवर जे बसवलं आहे ते पुरावा धरू नका. एमटीबी १०२ सारखी बोट १९३७ पासून तरंगते आहे. अशा बोटीवर कधी काय चढलं आणि कधी उतरलं याचा वेगळा इतिहास असतो. युद्धानंतरही वापरात राहिलेल्या बोटींवर तर डेक्कासारखी व्यापारी रडारं बसली. त्यांच्या अँटेना युद्धकाळातल्या नाहीत.

## टप्पा ४: जे रडार नाही ते बाजूला काढा

आता डोलकाठीवरचा हात काढा. माथ्यावर आणि आडव्या दांड्यांवर काय काय आहे त्याची यादी खालून वर करा, ओळख न देता: ‘उभी काठी’, ‘गोल कडं’, ‘एकाखाली एक तीन डबे’, ‘सळयांची चौकट’.

गोल कडं बहुधा दिशाशोधक रेडिओचं असतं. एकाखाली एक बसवलेले छोटे डबे म्हणजे ओळखीचे रंगीत दिवे. रात्रीच्या चकमकीत आपल्याच बोटींनी आपल्यावर गोळ्या झाडू नयेत म्हणून ते असत, आणि लांबून ते अँटेनेचे भाग वाटतात. उंच लवचिक काठ्या आणि ताणलेल्या तारा बिनतारी संदेशाच्या. निशाणं चढवायच्या दोऱ्या आणि त्यांच्या कप्प्या तर फोटो अंधुक असला की हमखास सळया म्हणून मोजल्या जातात.

यातून उरणारी अवघड गोष्ट म्हणजे आयएफएफची अँटेना. तीही रेडिओ लहरींचीच, तीही डोलकाठीवर, आणि ती रडारच्या जोडीनेच येते. तिला रडार म्हटलं की बोटीवर ‘दोन रडार’ होतात. तिचा निकाल सहाव्या टप्प्यात मापाने लावायचा.

तपासा: यादीतल्या किती वस्तू उरल्या? एकही नसेल तर ‘या फोटोत रडारची अँटेना दिसत नाही’ असं लिहा आणि थांबा. ‘रडार नव्हतं’ असं लिहू नका.

## टप्पा ५: उघडी की बंद?

उरलेल्या वस्तूला एकच प्रश्न विचारा: सळया उघड्या दिसताहेत की सगळं आवरणात आहे?

उघड्या सळया असतील तर १.४ मीटरचं कुटुंब, म्हणजे २८६ किंवा २९१ च्या वाटेवर आहात. आवरण, घुमट किंवा छोटा परावर्तक असेल तर सेंटिमीटरच्या कुटुंबाकडे. कारण भौतिकशास्त्रात आहे. किरणाची रुंदी अंशांत साधारण सत्तर गुणिले तरंगलांबी भागिले अँटेनेची रुंदी इतकी येते. १० सेंटिमीटर लहरीला ६० सेंटिमीटर रुंद परावर्तक धरला तर किरण सुमारे १२ अंशांचा. तितकाच बारीक किरण १.४ मीटर लहरीला हवा असेल तर अँटेना आठ मीटरहून रुंद लागेल, आणि ती २२ मीटरच्या बोटीवर उभी करणं शक्य नाही. म्हणून जुन्या रडारांना थोड्या सळयांवर आणि पसरट किरणावर भागवावं लागलं, तर नव्यांना एवढीशी अँटेना पुरली आणि ती झाकून ठेवता आली.

उघड्या सळयांमध्ये पुढचा प्रश्न: स्थिर की फिरणारी? २८६ एम ची अँटेना स्थिर होती. बाजूला बघायचं तर बोटच वळवावी लागे. २८६ पी ची अँटेना फिरणारी. २९१ चीही फिरणारीच. इथे तर्क नीट लावा. अँटेनेचं तोंड नाळेपासून तिरकं दिसलं तर ती फिरणारी, हे एका फोटोवरून सिद्ध होतं. तोंड सरळ पुढे दिसलं तर काहीच सिद्ध होत नाही, कारण फिरणारी अँटेनाही पुढे तोंड करून थांबवता येते. स्थिर म्हणायचं असेल तर वेगवेगळ्या वेळचे अनेक फोटो लागतात आणि सगळ्यांत तोंड एकाच दिशेला हवं. अँटेनेखाली फिरणारा दांडा, त्याला आधार देणाऱ्या कड्या किंवा तो डोलकाठीच्या बाजूने खाली उतरताना दिसला तर ती स्वतंत्र आणि भक्कम खूण.

सगळ्यांत जास्त चुका पुढच्या गोष्टीत होतात. २८६ पी आणि २९१ यांची तरंगलांबी एकच. त्यामुळे सळईची लांबीही एकच. फक्त सळई मोजून हा प्रकार की तो, हे ठरवणारा माणूस चुकतो, मग त्याचं मोजमाप कितीही काटेकोर असो. या दोघांत निवड करायची तर तारखेच्या भिंती, एकाच बोटीचे बदलाआधीचे आणि बदलानंतरचे फोटो, किंवा कागदातली थेट नोंद हवी.

घुमटाच्या बाबतीत बोट कुठे बांधली ते बघा. अमेरिकेत बांधून लेंड-लीजवर, म्हणजे युद्धकाळातल्या मदत योजनेखाली, ब्रिटनला दिलेली बोट असेल आणि वर घुमट असेल तर एसओ हा पहिला उमेदवार. ब्रिटनमध्ये बांधलेली बोट, १९४५ चा फोटो, माथ्यावर छोटी आटोपशीर अँटेना आणि एकही लांब सळई नाही, असं असेल तर २६८ चा विचार करा. घुमटाच्या आत काय आहे ते फोटो दाखवत नाही, त्यामुळे इथे निष्कर्ष ‘बहुधा’च्या पुढे नेऊ नका.

## टप्पा ६: मोजा

नजरेने ‘साधारण तेवढीच’ म्हणायची सवय इथे सोडायची.

१. फोटोत ऑर्लिकॉन तोफ शोधा. ती कॅमेऱ्याच्या नजरेला आडवी, म्हणजे काटकोनात असायला हवी. तिरकी असेल तर ती आखूड दिसते आणि सगळं माप फुगतं. आधीच्या बोटींवर टरेटमध्ये अर्धा इंची व्हिकर्स मशीनगनची जोडी असे. तिला ऑर्लिकॉन समजून मोजलंत तर पट्टीच चुकीची ठरते.

२. तोफ पूर्ण मोजा, मागच्या टोकापासून नळीच्या तोंडापर्यंत. समजा संगणकावर १७७ बिंदू (पिक्सेल) भरले. १७७ भागिले २.२१ म्हणजे मीटरला ८० बिंदू.

३. अँटेनेतली सगळ्यांत लांब सळई मोजा. सळई म्हणजे लहर सोडणारा किंवा घेणारा दांडा. सळया ज्याला जोडलेल्या असतात तो आधाराचा दांडा मोजू नका, त्याच्या लांबीला तरंगलांबीचं बंधन नसतं.

४. ती ५२ बिंदूंची भरली तर ५२ भागिले ८० म्हणजे ०.६५ मीटर.

आता ताळा घ्या. १.४ मीटरची अर्धी तरंगलांबी ०.७० मीटर. प्रत्यक्षातली सळई त्याहून थोडी आखूड ठेवतात आणि मागची परावर्तक सळई थोडी लांब. तेव्हा ०.६५ ते ०.७५ मीटरच्या आसपास काही आलं तर १.४ मीटरचं कुटुंब पक्कं. डोळ्यांसाठी सोपी खूण हवी असेल तर सळई ऑर्लिकॉनच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाएवढी दिसली पाहिजे.

आयएफएफ मार्क ३ ची अर्धी तरंगलांबी ०.८० ते ०.९६ मीटर येते, पाव तरंगलांबी ०.४० ते ०.४८ मीटर. एकटी उभी सळई ०.९० किंवा ०.४५ मीटर भरली तर ती रडारच्या यादीतून काढून आयएफएफकडे न्या.

सळई कॅमेऱ्याकडे वळलेली असेल तर ती आखूड दिसेल, लांब कधीच दिसणार नाही. म्हणून चार सळयांपैकी सगळ्यांत लांब मापावर विश्वास ठेवा आणि ‘निदान इतकी’ असं लिहा. सरासरी काढू नका. आखूड दिसणाऱ्या सळया सरासरीला खाली ओढतात आणि तुम्ही चुकीच्या कुटुंबात पोचता.

दुसरी अडचण अंतराची. धक्क्यावरून, दहा पावलांवरून काढलेल्या फोटोत जवळची तोफ मोठी आणि मागची डोलकाठी लहान दिसते. शक्यतो डोलकाठीच्या जवळची तोफ घ्या किंवा लांबून काढलेला फोटो घ्या. तोफच नसेल तर बोटीची पूर्ण लांबी पट्टी म्हणून चालते, पण बोट पूर्ण आडवी दिसली पाहिजे. टॉर्पेडो बाहेर दिसत असेल तर त्याचा व्यास उपयोगी: १८ इंची टॉर्पेडो प्रत्यक्षात ४५ सेंटिमीटर, २१ इंची ५३.३ सेंटिमीटर. व्यासाला तिरकेपणाची बाधा होत नाही. नळीचा व्यास मात्र घेऊ नका, ती टॉर्पेडोपेक्षा जाड असते. माणसाची उंची शेवटचा पर्याय. टोपी, वाकलेली मान आणि जाड बूट मिळून दहा सेंटिमीटर सहज इकडेतिकडे होतात.

तपासा: दोन वेगळ्या पट्ट्यांनी मोजून उत्तर दहा टक्क्यांच्या आत जुळलं का? जुळलं नाही तर एक पट्टी तिरकी आहे. कुठली ते शोधून पुन्हा मोजा.

## टप्पा ७: आतलं सामान, सुटे भाग आणि कागद

बोटीच्या आतला फोटो असेल तर गोल काचेचा पडदा दिसला म्हणून ते रडार ठरवू नका. किनारी बोटींवर क्यूएच नावाचं यंत्र असे, म्हणजे वायुदलाच्या ‘जी’ या दिशादर्शक पद्धतीचा नौदलातला संच. त्यालाही कॅथोड किरणांचा पडदा असतो. ते फक्त किनाऱ्यावरून आलेले संकेत ऐकतं, स्वतः काही पाठवत नाही.

पडद्यावर एक रेषा आणि तिच्यावर उठलेले उंचवटे दिसत असतील तर १.४ मीटरच्या कुटुंबाशी ते जुळतं. गोल नकाशासारखं चित्र, मधोमध आपली बोट आणि भोवती फिरणारी रेषा, हे एसओच्या बाजूला झुकतं. चौकोनी छेदाची, साधारण इंचभर रुंद, पोकळ धातूची नळी भिंतीवरून वर जाताना दिसली तर ती ३ सेंटिमीटरची लहर नेणारी आहे. १.४ मीटरच्या संचाला अशी नळी कधी लागत नाही.

सुटा भाग विकत घ्यायचा विचार असेल तर आधी खुणा वाचा. नौदलाच्या सामानावर इंग्रजी ‘ए. पी.’ अक्षरं, क्रमांक आणि बाणाची खूण असते. वायुदलाच्या सामानावर मुकुट, ‘ए. एम.’ आणि ‘१० डी’ने सुरू होणारा संदर्भ क्रमांक. आर ३०३९ हा रिसीव्हर आणि टी ३०४० हा ट्रान्समीटर विमानांवरच्या एएसव्ही मार्क २ चे. टाइप २८६ एएसव्हीच्या घराण्यातलं, म्हणून विक्रेते हे भाग ‘एमटीबीचं रडार’ म्हणून देतात. एएसव्ही मार्क २ मात्र १७६ मेगाहर्ट्झवर चाले, २१४ वर नाही. पैसे देण्याआधी हा एक आकडा विचारा. उत्तर १७६ आलं तर ते विमानाचं सामान आहे. तेही मोलाचं आहे, पण तुमच्या बोटीचं नाही.

कागदांत ग्रिनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियममधले बोटींच्या बांधणीचे नकाशे आणि लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमधल्या ॲडमिरल्टीच्या, म्हणजे नौदल खात्याच्या, फायली उपयोगी पडतात. नकाशा हातात आला की त्यावरची तारीख आणि दुरुस्त्यांचे शेरे आधी वाचा. वर्गाचा सर्वसाधारण नकाशा आणि एका विशिष्ट बोटीचा नकाशा यांत फरक आहे. पहिल्यावर काढलेली अँटेना म्हणजे ‘असा बेत होता’ एवढंच.

इशारा: मथळा, नकाशा आणि फोटो यांत विरोध आला तर दोघांचं मत म्हणून तिसऱ्याला हरवू नका. मथळा अनेकदा त्या नकाशावरूनच लिहिलेला असतो. मग ते दोन पुरावे नसून एकच आहे.

## टप्पा ८: निकाल लिहा

निकालात प्रकाराचं नाव शेवटी येऊ द्या. माझी पद्धत अशी: आधी निश्चित काय ते, मग कशावरून, मग उमेदवार. नमुना देतो.

‘फेअरमाइल डी, फोटो १९४३ च्या शरदानंतरचा. माथ्यावर उघड्या सळयांची अँटेना, तोंड नाळेपासून तिरकं, म्हणजे फिरणारी. सर्वांत लांब सळई निदान ०.६६ मीटर. कुटुंब १.४ मीटर, निश्चित. काळ बघता २९१ यू असण्याची शक्यता जास्त. २८६ पी पूर्ण बाद करता येत नाही.’

यात कुठेही हात आखडता घेतलेला नाही आणि कुठेही उडी मारलेली नाही. पुढे दुसऱ्या कुणाला त्या बोटीचा कागद मिळाला तर तो फक्त शेवटचं वाक्य बदलेल, बाकी काम तसंच वापरता येईल. ‘टाइप २९१’ एवढंच लिहिलंत तर त्याला सगळं पहिल्यापासून करावं लागेल.

मॉडेल करणाऱ्यांनी हेच माप डब्यातल्या भागावर लावून बघावं. ०.७० मीटरची सळई १:७२ मध्ये ९.७ मिलिमीटर आणि १:३५ मध्ये २० मिलिमीटर भरते. प्लास्टिकच्या साच्यात सळया जाड येतात, ते पितळेची बारीक तार वापरून सुधारता येतं. लांबीच चुकली असेल तर मात्र आख्खी अँटेना नव्याने करा. आणि एक बोट निवडली की तिच्या आयुष्यातला एकच महिना निवडा. मे १९४२ च्या रंगसंगतीवर १९४४ ची डोलकाठी बसवलेली मॉडेलं मी बरीच पाहिली आहेत. काम सुंदर असतं, म्हणूनच त्याचं जास्त वाईट वाटतं.

नोंद जपताना फाइलच्या नावात चार गोष्टी घाला: बोटीचा नंबर आणि त्या वेळचं अक्षर, फोटोचा संग्रहालयातला क्रमांक, तारखेच्या दोन भिंती, आणि तुम्ही मोजलेली सळई. मूळ प्रतीवर बाण किंवा वर्तुळ काढू नका, त्यासाठी वेगळी प्रत ठेवा. पुढच्या वेळी मोजताना त्याच रेघेखाली सळईचं टोक लपलेलं असतं.